वक्रावरची सही

आप्पांची सही खरी आहे असं हॉस्पिटलचं यंत्र म्हणत होतं आणि माझा त्या यंत्रावर काडीचाही विश्वास नव्हता.

“तीनदा तपासून घेतलीय,” डॉक्टर मगदूम म्हणाल्या. मिरजेतल्या त्या हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागाच्या त्या प्रमुख. त्यांनी टेबलावरचा स्क्रीन माझ्याकडे वळवला. वर माझ्या वडिलांचं, आप्पांचं नाव होतं, प्राध्यापक भूपाल चौगुले, निवृत्त. खाली त्यांची इच्छा: मेंदूला कायमची इजा झाली आणि शुद्धीवर येण्याची आशा उरली नाही, तर मला श्वासाच्या यंत्रावर ठेवू नये. त्याखाली हिरवी खूण. ‘निरामय’ या डिजिटल सहीच्या कार्डाने केलेल्या सहीला आता कायद्याचं बळ आहे. हिरवी खूण उमटली की नातेवाइकांना कुणी काही विचारत बसत नाही.

“कधीची आहे ही?”

“मागच्या सोमवारची.”

मेंदूत रक्तस्राव झाला त्याच आठवड्यात, शुक्रवारी. म्हणजे उद्याच्या प्रवासाची बॅगसुद्धा आदल्या दिवशी न भरणाऱ्या माणसाला स्वतःच्या मरणाची व्यवस्था लावायची आठवण अगदी वेळेवर झाली होती. योगायोग असतात, मला मान्य आहे. पण माझ्या गुप्तलेखनाच्या कामात योगायोग दिसला की आधी तो खणून बघायचा असतो.

“तुमच्या समाजात या गोष्टीकडे समजूतदार नजरेने बघतात ना,” डॉक्टर हळूच म्हणाल्या. त्यांना सल्लेखनेबद्दल, अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याच्या व्रताबद्दल बोलायचं होतं. आम्ही जैन. पण आमचे आप्पा म्हणजे पर्युषणाच्या उपवासातसुद्धा आईची पाठ वळली की भडंगाचा डबा उघडणारे. मला राग आला, पण तो डॉक्टरांवर काढण्यात अर्थ नव्हता.

“उद्या दुपारी समिती बसेल,” त्या म्हणाल्या. “कुणाचा सबळ आक्षेप आला नाही तर यंत्र काढावं लागेल.”

“माझा आक्षेप आहे. ही सही बनावट असू शकते.”

“मॅडम, या सह्या कुणालाही बनावट करता येत नाहीत. म्हणून तर ही पद्धत आली.”

“मला करता येते,” मी म्हटलं.

दाराशी माझा मोठा भाऊ वर्धमान उभा होता. मी हे म्हणाले तेव्हा डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या आणि मी दादाकडे. दादा मात्र बाहेरच्या पाण्याच्या कूलरकडे बघत होता.

डॉक्टरांना जे समजावून सांगितलं ते इथेही सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. एक वक्र असतो. त्यावरच्या दोन बिंदूंची बेरीज करायची एक रीत आहे: दोन्हींमधून सरळ रेषा काढायची, ती वक्राला आणखी एका ठिकाणी छेदते, त्या बिंदूचं प्रतिबिंब म्हणजे बेरीज. आता एक ठरलेला बिंदू घ्या आणि तो स्वतःमध्येच पुन्हा पुन्हा मिळवत जा. दर वेळी तो वक्रावर भलतीकडेच जाऊन पडतो. शेवटी कुठे पोचला ते जगाला खुशाल सांगा; ती तुमची जाहीर किल्ली. किती वेळा मिळवला तो आकडा तेवढा जवळ ठेवायचा. ती गुप्त किल्ली. पोचलेल्या बिंदूकडे बघून ‘किती वेळा’ ते ओळखणं याला विविक्त लॉगॅरिथम म्हणतात, आणि चांगला वक्र निवडला तर आजचे सगळे संगणक एकत्र बसवूनही ते निघत नाही. सही करणारा माणूस, आकडा न दाखवता, तो आपल्याजवळ आहे एवढं पटवून देतो. सगळी भिस्त तेवढ्यावर.

‘निरामय’चा वक्र चांगला नव्हता. कार्डातल्या हलक्या चिपला गणित झेपावं म्हणून कंपनीने सोयीचा वक्र निवडला होता. या जातीच्या वक्रावरचं गणित उचलून दुसऱ्या, जास्त गुंतागुंतीच्या वक्रावर नेता येतं, आणि तिथे बिंदूंचे तुकडे पडतात, संख्येचे मूळ अवयव पडतात तसे. छोट्या तुकड्यांचे लॉगॅरिथम एकदा काढून ठेवले की मग कुठल्याही माणसाची गुप्त किल्ली त्यांच्या बेरजेतून निघते. कल्पना जुनी आहे. ती याच वक्रावर चालवून दाखवण्यात माझी आणि माझ्या गटाची उमेदीची वर्षं गेली. कंपनीला आम्ही कळवलं होतं. कार्डं बदलायला त्यांनी मुदत मागून घेतली होती, आणि तोवर आम्ही तोंड उघडायचं नव्हतं. ते मी आत्ता उघडलं होतं.

“म्हणजे हे आणखी कुणाला जमतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“पुण्यात माझ्या गटातल्या तिघांना.” मी पुन्हा दाराकडे बघितलं. “आणि सांगलीत आमच्या घरच्या संगणकाला.”

कारण दिवाळीत मीच तो प्रोग्रॅम आप्पांना दिला होता. आप्पांनी कॉलेजात जन्मभर संख्यासिद्धांत शिकवला. पोरीचं बरोबर आहे का ते तपासल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं. फराळाच्या ताटावर मी त्यांना सगळी पद्धत समजावून सांगितली, तेव्हा तिथे तिसरा माणूस एकच होता. दादाने चकली मोडत विचारलं होतं, “म्हणजे आता कुणीपण कुणाचीपण सही करू शकतंय म्हण की.” मी तेव्हा हसले होते.

डॉक्टरांनी मला दुसऱ्या दिवशी समिती बसेपर्यंत वेळ दिला. “पण नुसती शक्यता नको,” त्या म्हणाल्या. “ही सही त्यांची नाही, हे दाखवा. नाहीतर माझे हात बांधलेले आहेत.”

मिरजेहून सांगलीला मी दादाच्या गाडीतून आले. वाटेत तो म्हणाला, “जेवलीस काय?”

“नाही.”

“भाकरी आहे घरात. गरम करून देतो.”

हा मला संगणकापासून लांब ठेवायला बघतोय का, असं माझ्या मनात आलं. संशय एकदा डोक्यात शिरला की तो भाकरीलाही सोडत नाही.

“टोरांटोचं काय झालं?” मी विचारलं. त्याचा मुलगा तिकडे असतो. सुनेच्या बाळंतपणासाठी वहिनी आधीच गेली होती. दादाचं अडलं होतं ते आप्पांपायी.

“राहिलंय.”

“व्हिसा आला ना?”

“आलाय.” त्याने विश्रामबागच्या चौकात गाडी वळवली. “काय विचारायचंय ते सरळ विचार की.”

“हातात काही आल्यावर विचारीन.”

“ते माहीत आहे,” दादा म्हणाला.

कुपवाडच्या एमआयडीसीत दादाचं व्हॉल्व्हचं वर्कशॉप आहे. त्याला गणित येत नाही, पण दिलेला प्रोग्रॅम चालवायला गणित लागत नाही. मी आप्पांच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं आणि संगणक सुरू करून पहिल्यांदा हेच बघितलं: माझा प्रोग्रॅम शेवटचा कधी चालवला गेला.

रविवारी दुपारी. सहीच्या आदल्या दिवशी. त्याला जाहीर किल्ली दिली होती ती आप्पांची, आणि गुप्त किल्ली बरोबर निघाली होती.

मी खुर्चीत मागे टेकले. भावावर संशय घेणं वेगळं आणि तो खरा ठरताना बघणं वेगळं. मला रडायला येईल असं वाटलं होतं, पण आला तो संताप, आणि त्या संतापाची मला लाजही वाटली, कारण त्यात थोडं समाधान होतं. माझं बरोबर निघालं होतं.

पण डॉक्टरांना दाखवायला एवढं पुरणार नव्हतं. किल्ली कुणीतरी काढली हे सिद्ध झालं, सही त्याच चोरीच्या किल्लीने केली हे व्हायचं होतं. मी प्रोग्रॅम स्वतः चालवला. चहा करून पिण्याएवढ्या वेळात आप्पांची गुप्त किल्ली माझ्यासमोर होती. वडिलांच्या कपाटात न विचारता हात घातल्यासारखं वाटलं.

आता पुढचा थोडासा भाग. अशा प्रत्येक सहीला गुप्त किल्लीखेरीज आणखी एक आकडा लागतो. तो त्या वेळेपुरता, कसल्याही क्रमाविना निवडायचा आणि टाकून द्यायचा. बाहेरच्या माणसाला तो कधी दिसत नाही. पण गुप्त किल्ली ज्याच्या हातात आली त्याला कुठल्याही जुन्या सहीतून तो आकडा साध्या गणिताने परत काढता येतो. माझा तर्क असा होता, की खऱ्या सह्यांमधले आकडे एका धाटणीचे असतील आणि बनावट सहीतला दुसऱ्या. आप्पांच्या कार्डावरच्या सगळ्या सह्या मी मागवल्या: पेन्शनसाठीचे हयातीचे दाखले, मोतीबिंदूच्या ऑपरेशनची संमती, लशी, औषधं. आणि एकेका सहीतला आकडा काढत गेले.

आकड्यांना चक्क क्रम होता. मागच्या आकड्याला एका ठरलेल्या संख्येने गुणून एक मिळवला की पुढचा आकडा येत होता. अशी लांबलचक साखळी, पहिल्या सहीपासून. तशा परिस्थितीतही मला हसू फुटलं. कार्ड घरच्या संगणकाला जोडून सही करताना हा आकडा चिप नव्हे, संगणकातला प्रोग्रॅम पुरवतो; कंपनीचा तयार प्रोग्रॅम बाजूला ठेवून आप्पांनी स्वतःचा लिहिला होता. यंत्राने निवडलेल्या आकड्यावर विसंबतील तर ते आप्पा कसले. त्यांनी आपलं वर्गात शिकवायचं आवडतं सूत्र त्यात घातलं, आणि देखणं सूत्र या कामाला सगळ्यात घातक असतं, कारण ते ओळखता येतं. नवख्या इंजिनिअरच्या हातून ही चूक होत नाही, तो मुकाट्याने तयार प्रोग्रॅम उचलतो. त्यासाठी आप्पांसारखा गणिताच्या प्रेमात पडलेला माणूसच लागतो.

माझं हसू लगेच थांबलं. सोमवारची सही या साखळीत बसत होती. म्हणजे ती माझ्या प्रोग्रॅमने चोरलेली किल्ली भलतीकडे वापरून केलेली नव्हती, आप्पांच्याच प्रोग्रॅममधून बाहेर पडली होती. मात्र ती नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्याच्या लगेच पुढची कडी नव्हती. मधली एक कडी गाळलेली होती.

याचा अर्थ दोन सह्यांच्या मधे आणखी एक सही झाली होती. ती कार्डावर कुठेच नव्हती. आणि प्रोग्रॅम आप्पांचा असला तरी तो कुणाच्या बोटाने चालला, हे वक्र काही सांगत नव्हता. दुपारी आप्पा झोपतात. दादाखेरीज घरात दुसरं कुणी नसतं.

दार ढकलून दादा ताट घेऊन आत आला. भाकरी, वांग्याची भाजी, दही. मी ताटाकडे बघितलंही नाही.

“मधली सही कुठाय, दादा?”

“कसली?”

“सोमवारच्या सहीआधी याच संगणकावरून आप्पांच्या नावाने आणखी एक सही झाली. ती आता नाहीये. काय होतं त्यात?”

त्याने ताट टेबलावर ठेवलं आणि आप्पांच्या पलंगावर बसला. “हे पण कळतंय व्हय तुला,” तो म्हणाला.

“काय होतं?”

“आप्पांनी आधी वेगळं लिहिलं होतं. अशी वेळ आली तर त्रिशला ठरवेल म्हणून. तू एकटी.”

“आणि ते तू पुसलंस.”

“मी भांडलो.” त्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. “आई गेल्यापासून आंघोळ कोण घालतंय, दवाखान्यात कोण नेतंय? आणि ठरवणार कोण, तर दिवाळीला येऊन जाणारी. लई बोललो मी त्यांना. बोलायला नको तेवढं बोललो. ते सगळं ऐकत बसले. मग म्हणाले, काढून टाक ते, दुसरं लिहू.”

“काढून टाक म्हणजे? कुणी काढलं?”

“मी.”

“आणि दुसऱ्यावर सही?”

“ती पण मीच केली.”

दुपारपासून मी याच वाक्याच्या मागावर होते. ते असं भाजीच्या ताटाशेजारी, सहजासहजी मिळालं.

“बटण मीच दाबलं,” दादा म्हणाला. “दोन वर्षं झाली, सगळ्या सह्या मीच दाबतोय. त्यांचा हात ठरतोय कुठं? एक कळ दाबायला जावं तर भलत्याच दाबल्या जातात. ते सांगायचे, मी दाबायचो. तुझ्यासमोर हात मांडीखाली धरून बसायचे. तिला सांगू नको म्हणाले होते, उगीच पुण्यात बसून काळजी करत बसेल.”

दिवाळीत प्रोग्रॅम दाखवताना आप्पा म्हणाले होते, तूच चालव, मी बघतो. एकदाही त्यांनी कळफलकाला हात लावला नव्हता. मला ते माझं कौतुक वाटलं होतं.

“रविवारी माझा प्रोग्रॅम कुणी चालवला?”

“मीच. त्यांनी सांगितलं म्हणून. माझीच किल्ली घालून बघ म्हणाले. निघाली तेव्हा एवढे खूश झाले की विचारू नको. पोरीनं मला उघडा पाडला म्हणाले. मग जरा वेळानं म्हणाले, आता माझ्या सहीला अर्थ उरला नाही वर्धमान, तर मी काय सांगतोय ते तू तरी ध्यानात ठेव.”

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, चुकीची ओळ शोधत. हे सगळं त्याने ताट गरम करता करता रचलं असेल का? असू शकेल. स्वतःचं भांडण त्याने कबूल केलं होतं, पण हुशार खोटं बोलणारा तेवढं कबूल करतोच. दोन वर्षांच्या सगळ्याच सह्या जर त्याच्या बोटाने झाल्या असतील, तर यातली खरी कुठली आणि खोटी कुठली हे कुठल्या गणिताने काढायचं? मला येणारं सगळं गणित संपलं होतं.

“तुला पटत नसेल तर बदल की,” दादा म्हणाला.

“काय बदलू?”

“किल्ली आहे ना तुझ्याकडं. मागची तारीख घाल, माझी इच्छा मागं घेतो म्हणून लिही आणि कर सही. समितीला सांगू, संगणकावर पडून होतं, पाठवायचं राहिलं. मी कुणाला बोलणार नाही.”

हे मला सुचलं नव्हतं असं नाही. आप्पांची किल्ली माझ्याजवळ होती आणि साखळीतली पुढची कडी कुठली ते ठाऊक होतं. जगातल्या कुठल्याही तज्ज्ञाला ती सही पकडता आली नसती, कारण पकडू शकणारी माणसं माझ्याच गटात होती आणि तीही फसली असती. मी कळफलक पुढे ओढला आणि ते वाक्य लिहून काढलं. मला आप्पा हवे होते. शुद्धीत नसलेले, नळ्या लावलेले, कसेही हवे होते. दादा शेजारी बसून बघत होता आणि त्याने मला अडवलं नाही.

“दादा,” मी स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं, “पहिलं काढून दुसरं लिहिलं ते फक्त तू भांडलास म्हणून?”

“मला पण तसंच वाटलं होतं. मी म्हटलं, राहू दे आप्पा, पहिलंच ठेवू, माझं चुकलं. तर म्हणाले, तुझं भांडण राहू दे बाजूला. त्रिशीवर सोडलं तर ती थांबायची नाही. तिला सुटत नसलेलं गणित सोडून देता येत नाही, पहिल्यापासून. तिला थांब म्हणून मीच सांगायला पाहिजे.”

खोलीत आता अंधारून आलं होतं. दादाने उठून दिवा लावला.

हे वाक्य दादाला रचता आलं नसतं, असं मी म्हणणार नाही. तो मला जन्मापासून ओळखतो. पण रचायचं असतं तर त्याने मला बोचणारं वाक्य कशाला निवडलं असतं, समजावणारं निवडलं असतं. हेही पुरावा म्हणून टिकत नाही, मला माहीत आहे. मग लिहिलेलं वाक्य पुसलं, आप्पांची किल्लीही पुसली आणि टेबलावर डोकं ठेवून रडले. दादाने पाठीवर हात ठेवला नाही, आमच्यात तशी पद्धत नाही. त्याने गार झालेली भाजी नेऊन पुन्हा गरम करून आणली, आणि मी जेवले.

दुसऱ्या दिवशी समितीच्या आधी डॉक्टर मगदूमांनी आम्हाला त्यांच्या खोलीत बोलावलं. समितीचे दोन डॉक्टर आधीच येऊन बसले होते.

“बोला मॅडम,” त्या म्हणाल्या. “सही बनावट आहे?”

“नाही. वडिलांचीच आहे.”

“तपासलीत तुम्ही?”

“तपासली. तपासून काही सिद्ध होत नाही. तुमच्या यंत्रानेही होत नाही आणि माझ्यानेही.”

“मग खरी कशावरून म्हणता?”

“माझा भाऊ सांगतोय म्हणून.”

समितीतल्या एकाने चष्मा काढून हातात घेतला. डॉक्टर मगदूमांनी आधी दादाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “काल तर तुम्हाला यांचाच संशय होता,” त्या म्हणाल्या.

“तोवर मी त्याला विचारलं नव्हतं,” मी म्हटलं.